टॉवेल उतरला की थांबायचं

४ फेब्रुवारी, मंगळवार

गुरांच्या टॉनिकच्या कंपनीने दिलेली ही डायरी महिनाभर टेबलावर कोरी पडून होती. गायी-म्हशींचं काय लिहायचं? सकाळी गाभण तपासणी, दुपारी लसीकरण, संध्याकाळी वरिष्ठांना माहिती. चौदा वर्षं हेच चाललंय. आज मात्र रेंजर गुरुप्रसाद साहेबांचा फोन आला. खोलवाडीच्या उसात एक सांबराची मादी फिरतेय, गळ्यात तारेचा फास रुतलाय. कुणीतरी रानडुकरासाठी लावलेला असणार. ही हिसका देऊन निसटली, पण तार गळ्यातच राहिली. वन्यजीवांचा डॉक्टर रजेवर आहे, महिनाअखेरीशिवाय येत नाही. भुलीची बंदूक चालवायचं आठ दिवसांचं प्रशिक्षण मी सहा वर्षांपूर्वी घेतलं होतं, ते कुणीतरी कागदांतून शोधून काढलं. म्हणजे बळीचा बकरा मीच.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. बायको सुष्मिता गडमुडशिंगीला शाळेत शिकवते, माझी आई, अव्वा, तिच्याजवळ, आणि मी इथे गारगोटीजवळ खोली घेऊन डबा खातोय. कोल्हापूरच्या बदलीचा अर्ज तीन वर्षं पडून आहे. हे काम नीट झालं, पेपरात दोन ओळी आल्या, तर डॉ. शिवकुमार नावाचा माणूस नोकरीत आहे हे वरच्यांना कळेल तरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे खोलवाडी. रेंजर साहेबांनी मदतीला केरबा दिला. पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, डोक्यावर लाल पट्ट्यांचा टॉवेल. एकोणीस वर्षं वनखात्यात रोजंदारीवर आहे. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "याला कायम करायचा प्रस्ताव गेलाय. जुनी एक केस आड येतेय. हे काम झालं तर मी चांगला शेरा लिहीन." बाविसाव्या वर्षी हा गडी सांबराची तंगडी घेऊन सापडला होता आणि तीन महिने आत होता. म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

जनावर असं आहे. दिवसा ओढ्याच्या झाडीत बसतं, उजाडताना तोडणी झालेल्या उसाच्या रानात चरायला येतं. मी बांधाआडून सरपटत जाणार. मला खालून काहीच दिसत नाही, म्हणून केरबा समोरच्या टेकडीवर उभा राहून मला सांगणार, ती कुठे आहे, कुठे बघतेय. भुलीची बंदूक तीस पावलांच्या आतच उपयोगाची. त्याहून लांबून मारणं म्हणजे ढेकूळ मारणं.

सांगणार कसं, तर टॉवेलने! म्हणे पूर्वीपासून हाक्याला, म्हणजे रान उठवून शिकार करताना, असंच चालतं. त्याने वाटेत मला सगळे नियम ऐकवले, पोरगं पाढे म्हणतं तसे. टॉवेल डोक्यावर आहे तोवर चालायचं. उगवतीच्या खांद्यावर टाकला की उगवतीकडे सरकायचं, मावळतीच्या खांद्यावर टाकला की मावळतीकडे. उतरला, म्हणजे दिसेनासा झाला, की आहे तिथेच थांबायचं, श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

मी म्हटलं, "आणि हात हलवून थांबा म्हणायला काय होतं?"

"हात हललेला तुमच्या आदी तिला दिसतुया की, डाक्टर. वरडलं तर उदळंल. आमच्यात थांब म्हनायचं नस्तं. चाल म्हनायचं बंद करायचं, म्हंजे थांबलंच."

"आणि मला टॉवेल दिसलाच नाही तर?"

"न्हाय दिसला तर थांबायचंच. न्हाय दिसला म्हंजे न्हाय."

मी हे सगळं उतरवून घेतोय ते गंमत म्हणून. निवृत्तीनंतर कुणाला तरी सांगायला बरं. सांबराला तो सांबर म्हणत नाही, "पावणी" म्हणतो. रानात जनावराचं नाव घ्यायचं नसतं म्हणे. रानातून हिंडवताना प्रत्येक बांधाची, झाडाची, विहिरीची कुळकथा सांगत होता. मध्येच ऑफिसचा फोन आला म्हणून अर्धं माझ्या कानावरून गेलं. अर्ध्या तासात एवढं बोलणारा माणूस टेकडीवर गेला की मुका होतो.

आज जमलं नाही. मी नव्वद पावलांवर होतो. टेकडीकडे बघितलं तेव्हा टॉवेल डोक्यावर होता. चार पावलं सरकून पुन्हा बघितलं तर नव्हता. कधी उतरवला देव जाणे. तेवढ्यात ती उधळली. एकदाच नीट दिसली. मान वाकडी धरून पळते, गळ्याखाली मोठी जखम आहे आणि तिच्यावर माश्यांचं मोहोळ.

केरबा खाली आला आणि म्हणाला, "चार पावलं जास्ती झाली, डाक्टर."

मला शिकवतोय!

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस दवाखान्याचं काम होतं. आज दुसरा प्रयत्न, तोही फुकट. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, टेकडीवर माणूस आहे की खोड आहे हेच कळेना. मी रेंजर साहेबांना स्पष्ट सांगितलं, एकविसाव्या शतकात टॉवेल बघत सरपटायला मी काही हाक्यातला गडी नाही. वॉकीटॉकी द्या. त्यांच्याकडे दोन निघाले, कानात घालायच्या वायरीसकट, धूळ खात पडलेले.

जखमेत किडे पडलेत. केरबा दुर्बिणीतून बघून म्हणाला, "लै तर आटदा दिस." मलाही तसंच वाटलं, पण त्याला तसं म्हटलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी केरबाला वॉकीटॉकी शिकवला. नाकी नऊ आले. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, एवढी साधी गोष्ट. तो बटण दाबून असा बोलतो की समोरच्या गावाला ऐकू जावं. मी म्हटलं, "अहो, कानात बसलोय मी तुमच्या, बेताने बोला." तर म्हणतो, "लांबच्या मानसासंगं हळू कसं बोलायचं वो?"

शेवटी ठरलं ते असं. त्याने एकच शब्द बोलायचा. सगळं ठीक असेल तर "हाय". दिशा बदलायची असेल तर "उगवती", "मावळती". उजवं-डावं शिकवायचा प्रयत्न केला, पण तो समोरून बघणार, माझं उजवं त्याचं डावं. या एका बाबतीत त्याचंच बरोबर म्हणून सोडून दिलं. तो टेकडीवर आणि मी दवाखान्यामागच्या कुरणात, असा सराव झाला. मी चालतोय तोवर दर चार-पाच पावलांना कानात "हाय… हाय… हाय…" असा रेटा. डोकं उठलं.

निघताना तो बटणाशी खेळत नियमांची उजळणी करत होता. "म्हंजे त्येच की न्हवं, डाक्टर? टावेलाच्या जागी हाय." मी तेव्हा औषधाचं प्रमाण काढत होतो. एवढ्या वजनाच्या, अशक्त, जखमी जनावराला किती द्यायचं हे काही पोरखेळ नाही. मी "व्हय व्हय" म्हणून त्याला वाटेला लावलं.

जाताना म्हणाला, "पावणी वाचली म्हंजे माझ्या नावावरचं त्ये जाईल बगा." ते म्हणजे काय, मी विचारलं नाही. शिकारी हा शब्द असावा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजच लिहितो. उद्या अहवाल द्यायचा आहे, आणि आठवणी ताज्या असलेल्या बऱ्या.

साडेसहाला मी ओढ्याच्या काठाने सरकायला सुरुवात केली. गारठा होता, वारा तोंडावर, सगळं अनुकूल. कानात केरबाचं चालू झालं, "हाय… हाय…" ऐंशी पावलांवर "मावळती" आलं, मी मावळतीला सरकलो. पुन्हा "हाय… हाय…" कुरणात परवडलं, पण इथे एवढ्या शांततेत कानातला आवाजही मोठा वाटायला लागला. मी आवाज कमी केला. पन्नास पावलं राहिली. "हाय…" मी बंदूक पुढे घेतली, कोपरावर सरपटलो. चाळीस.

मग त्याची टकळी बंद झाली. मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हातारा शहाणा झाला अखेर. वॉकीटॉकीचा दिवा हिरवा होता, म्हणजे चालू होता. काही बदल असता तर बोलला असता. मी आणखी पंधरा पावलं गेलो आणि बांधावरून डोकं वर काढलं.

ती समोर, पूर्ण आडवी. मान खाली. गळ्यातली तार उन्हात चमकत होती. पंचवीस पावलं असतील नसतील. इतकी सोपी संधी पुन्हा मिळाली नसती. मारली. नेमकी मांडीवर बसली.

ती दचकली, चार उड्या मारल्या, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि बाजूच्या घाणेरीच्या जाळीत शिरली. मी घड्याळ लावलं. आठ-दहा मिनिटांत बसायला हवी. तेवढ्यात पाण्यात काहीतरी पडल्याचा मोठा आवाज झाला.

त्या जाळीत विहीर होती. चिमणाबाई नावाच्या बाईची जुनी विहीर. नदीवरून पाइपलाइन आल्यापासून वापरात नाही, कठडा ढासळलेला, चहूबाजूंनी घाणेरी. मला दिसणं शक्यच नव्हतं.

केरबा टेकडीवरून कसा उतरला कुणास ठाऊक, मी जाळीतून वाट काढत पोचेपर्यंत तो पाण्यात होता. चिमणाबाईने सोल, जाडजूड दोर, सोडला होता, तो काखेत अडकवून त्याने जनावराचं डोकं वर धरलं होतं. औषध चढत होतं आणि ती पाय मारायची थांबली होती. तो तिला म्हणत होता, "व्हय बाई, व्हय बाई." मी वरून ओरडलो, नाक वर ठेवा, नाक वर ठेवा! तो माझ्याकडे बघत नव्हता. ट्रॅक्टर यायला पाऊण तास लागला. तोवर संपलं होतं.

वर काढल्यावर त्याने पक्कड मागितली आणि तार आपल्या हाताने तोडली. मोटारसायकलची क्लच वायर. मेलेल्या जनावराचा फास सोडवून काय उपयोग, असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. "डाक्टर, मी गप झालतो की वो."

मी म्हटलं, "तेच तर! गप का झालात? विहीर दिसत होती तर सांगायला काय धाड भरली होती?"

तो तार गुंडाळत राहिला. पंधराएक लोक जमले होते, मोबाईलवर चित्रण चालू होतं. चिडायचं नव्हतं मला असं सगळ्यांसमोर. पण चिडलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल दिला. त्यातलं हे वाक्य मी चारदा वाचलं: "डार्ट मारण्यापूर्वी परिसरातील उघड्या विहिरीबाबत स्पॉटरकडून कोणतीही पूर्वसूचना प्राप्त झाली नाही." एक शब्द खोटा नाही. वॉकीटॉकी चालू होता, मी ऐकत होतो, सूचना आली नाही. ज्याच्या डोळ्यांवर आपण विसंबतो त्याने तोंड उघडायला नको?

तिच्या पोटात पिल्लू होतं. शवविच्छेदनात दिसलं. अहवालात लिहिलं, इथेही लिहितो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चित्रण सगळीकडे फिरतंय. "भूल दिली की जीव घेतला" असा मथळा. त्यात मी केरबावर ओरडतोय ते स्पष्ट ऐकू येतं, त्यामुळे निदान कुणाची चूक हे लोकांना कळलं. रेंजर साहेबांचा फोन आला. अठ्ठावीसला कोल्हापूरचे साहेब चौकशीला येतायत. रेंजर साहेब म्हणाले, "तुमच्या अहवालाने तुम्ही सुटलात. केरबाचं मात्र अवघड आहे. जुनी केस, त्यात हे. मुद्दाम गप बसला असंही लोक म्हणतायत, शिकाऱ्याचं रक्त वगैरे."

मी म्हटलं, मुद्दाम नसेल. एवढं मी म्हटलं.

सुष्मिताने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अहो, पण ते गप का झाले?"

"मला काय माहीत! घाबरला असेल. बटण दाबायचं विसरला असेल."

"तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"चारचौघांत विचारलं. उत्तर नाही."

"चारचौघांत नाही हो. नीट."

शिक्षकांची ही एक खोड असते, प्रत्येक पोराला नीट विचारायचं. मी विषय बदलला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अहवालाला विहिरीचे फोटो जोडायचे राहिले होते, म्हणून खोलवाडीला गेलो. चिमणाबाई जाळी तोडत होती. सत्तरीची असेल, हात अजून कोयत्यासारखे चालतात. मला बघून म्हणाली, "आलासा व्हय? आता काडा फोटू. आता दिसतीया हिर."

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी केरबाने सांगितलं असतं तर…"

कोयता थांबला. "सांगितलं असतं? आवो, त्यो बोडक्यानं हुबा हुता की टेकडीवर! मी हितनं बगत हुते. टावेल काडून हातात धरलाता. मी म्हनलं, चला, थांबले डाक्टर. आन् तुमी निगालासा फुडं."

"टॉवेलचं आम्ही बंद केलं होतं. वॉकीटॉकी होता."

"त्यातनं काय आयकू येत हुतं मग?"

"काही नाही. तो गप झाला होता."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गुरं आजारी पडली की बायका ज्या तोंडाने माझ्याकडे बघतात, तसं. "गप झाला हुता म्हंजे थांबायचं हुतं न्हवं? माजा बा जायचा हाक्याला. वरच्याचं बंद झालं की खालचं समदं हाय तितं बसायचं. आमच्यात शेंबडं पोरबी ह्ये जानतंय. त्यो वरडला असता तर ती सरळ हिरीतच गेली असती, तोंड हिकडंच हुतं तिचं."

मी फोटो काढले. चार लांबून, दोन जवळून.

खोलीवर येऊन ही डायरी उघडली. पाच फेब्रुवारी. माझंच अक्षर: उतरला, म्हणजे दिसेनासा झाला, की आहे तिथेच थांबायचं. त्याखाली: चाल म्हनायचं बंद करायचं, म्हंजे थांबलंच. दहा फेब्रुवारी: टावेलाच्या जागी हाय. आणि माझं "व्हय व्हय". विहिरीची कुळकथासुद्धा आहे, जी माझ्या कानावरून गेली.

मी सगळं लिहून ठेवलं होतं. गंमत म्हणून.

आज जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर स्वतःची बाजू मांडून बघितली. चूक दोघांची म्हणता येईल. मी माझ्या पद्धतीने ऐकत होतो, तो त्याच्या पद्धतीने सांगत होता. विमानतळावर, सैन्यात, दवाखान्यात, जगात सगळीकडे नियम हाच की बदल झाला तरच बोला, गप म्हणजे ठीक. त्याला हे कळायला हवं होतं.

मग वाटलं, त्याने दोनदा सांगितलं. एकदा रानात, एकदा कुरणात. मी त्याला एकदाही सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

घरी आलोय. अव्वाने पहाटेच लिंगपूजा आटोपली, दिवसभर उपास. सगळी मंडळी देवळात गेल्यावर मी सुष्मिताला डायरी वाचायला दिली. आजवर कुणाला दिली नव्हती. तिने पाच तारखेचं पान दोनदा वाचलं.

"मग आता?" ती म्हणाली.

मी म्हटलं, मी सांगितलं तर माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका येईल. बदली गेली. कदाचित वेतनवाढही. न सांगितलं तर केरबाचं कायम होणं गेलं, आणि रोजंदारीसुद्धा.

"तुमची नोकरी जाणार नाही ना?"

"नोकरी नाही जाणार."

"त्यांची जाणार."

"हो."

ती डायरी मिटून म्हणाली, "शुक्रवारी ही घेऊन जा. बोलायला जमलं नाही तर पान उघडून साहेबांपुढे ठेवा." अव्वा देवळातून परत आली तशी आम्ही थांबलो. अव्वाने कानडीत विचारलं, "एनायतो?" काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही. तिने माझ्या कपाळाला भस्म लावलं.

बरं वाटतंय. ठरवलं की बरं वाटतं. शुक्रवारी सांगणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डायरी बॅगेत होती. पाच तारखेच्या पानात लसीकरणाची पावती खूण म्हणून घातली होती.

अकराला चौकशी सुरू झाली. खोलीत कोल्हापूरचे साहेब, गुरुप्रसाद साहेब, टाइप करणारी बाई, मी आणि केरबा. मी खुर्चीवर, तो भिंतीकडेच्या बाकावर. डोक्यावर टॉवेल होता, धुऊन आणलेला. शिपायाने दारातच "टॉवेल काढ, साहेब आहेत" म्हणून दटावलं होतं, त्याने काढला नव्हता.

साहेबांचं वय माझ्यापेक्षा कमी असावं. त्यांनी माझा अहवाल मोठ्याने वाचला. चांगला लिहिलाय म्हणाले. मग केरबाकडे वळले.

"तू टेकडीवर होतास?"

"व्हय."

"तिथून विहीर दिसत होती?"

"दिसत हुती की."

"वॉकीटॉकी चालू होता?"

"व्हय."

"बटण दाबता येतं तुला?"

"डाक्टरांनी शिकवलंय. व्हय."

"मग डॉक्टरांना थांबा म्हणून का नाही सांगितलंस?"

मी वाट बघत होतो. तो सांगेल असं मला वाटत होतं. त्याने सांगितलं असतं तर मला फक्त "बरोबर आहे" एवढंच म्हणावं लागलं असतं, डायरी काढावी लागली नसती. तो सांगेल आणि मी दुजोरा देईन, असं मी रात्रभर घोळवलं होतं.

केरबाने माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी टॉवेल डोक्यावरून उतरवला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला. पांढरे केस चपटे झालेले. पुन्हा माझ्याकडे बघितलं.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "गप आहे म्हणजे मान्य आहे. लिहा, संबंधिताने खुलासा दिला नाही."

टाइप करणाऱ्या बाईची बोटं चालू झाली. गुरुप्रसाद साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्या खोलीत त्याच्या गप बसण्याचा अर्थ कळणारा माणूस मी एकटा होतो. पंधरा दिवसांपूर्वी मला कळत नव्हता, असं म्हणायची सोय होती. आज नव्हती.

"डॉक्टर, तुमच्या अहवालात काही बदल करायचाय?"

बॅग मांडीवर होती. माझा हात चेनवर होता. मी म्हटलं, "नाही सर."

कागद माझ्यापुढे सरकला. मी सही केली, खाली तारीख घातली. साहेब म्हणाले, कोल्हापूरला चांगल्या डॉक्टरची गरज आहेच, बोलतो मी वर. मी आभार मानले. केरबाची रोजंदारी एक तारखेपासून बंद, कायमचा प्रस्ताव परत.

बाहेर आलो. केरबा व्हरांड्यात खांबाशी उभा होता. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "बोलायला हवं होतंत तुम्ही, केरबा."

तो म्हणाला, "बोल्लो की वो."

मी गाडीत बसलो. आरशात तो दिसत होता. उन्हात, बोडक्याने, टॉवेल अजून हातात धरून. मी थोडा वेळ किल्ली न फिरवता बसून होतो. शिपाई त्याला सहीसाठी आत ये म्हणून दारातून खुणावत होता, तो हलला नाही, माझ्याकडेच बघत होता.

मग मी गाडी चालू केली.